दोन्हीकडे लागलेले काका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांना 1984 साली पुण्याच्या सीओईपीत आणि मुंबईच्या व्हीजेटीआयत, असं दोन्हीकडे मेकॅनिकलला लागलं होतं. माणसाची ओळख करून देताना आधी हे कुठून आलं, असं वाटेल. पण काका स्वतःची ओळख याच क्रमाने करून देतात, नाव मागाहून येतं. सोसायटीत नवा भाडेकरू आला की टेम्पोतून कपाट उतरेपर्यंत त्याला ही माहिती झालेली असते. आम्ही आपसांत त्यांना 'दोन्हीकडे' म्हणतो. "मीटिंगला दोन्हीकडे येणार आहेत का? मग चहा दोनदा ठेवा."

शिकले ते सीओईपीत. बोलतात मात्र व्हीजेटीआयबद्दल. जिथे चार वर्षं काढली, मेसची आमटी प्यायली, त्या कॉलेजाबद्दल विचारलं तर उत्तर येतं, "ठीक होतं." 1854 सालापासून उभं असलेलं, विश्वेश्वरय्या जिथे शिकले ते कॉलेज काकांच्या लेखी 'ठीक'. ज्या फाटकातून विद्यार्थी म्हणून एक दिवसही आत पाऊल टाकलं नाही, त्या माटुंग्याच्या संस्थेची मात्र कुंडली पाठ. 1887 ला भायखळ्यात सुरू झाली, 1923 ला माटुंग्याला आली. 1997 ला 'व्हिक्टोरिया ज्युबिली'चं 'वीरमाता जिजाबाई' झालं, आणि तरीही आद्याक्षरं जिथल्या तिथे! हे सांगताना काकांचा आवाज भरून येतो. "राणी गेली, राजमाता आली, व्हीजेटीआय ते व्हीजेटीआयच. याला म्हणतात इंजिनिअरिंग." ऐकणाऱ्याला वाटावं, नामांतराच्या बैठकीत चहा-बिस्किटांपाशी हे बसलेच होते.

एकतीस वर्षं त्यांनी डोंबिवली ते फोर्ट अशी नोकरी केली. सकाळची फास्ट लोकल. फास्ट गाडी माटुंग्याला थांबत नाही. काही वर्षं मी त्याच डब्यात असे. सायन गेलं की काका पेपर खाली घेत आणि बाहेर बघत. गाडीतून कॉलेज दिसत नाही, मी खात्री करून घेतली आहे. पण काका बघत, आणि दादर येईपर्यंत बोलत नसत. एकदा म्हणाले, "बघ, आजही थांबली नाही."

व्हीजेटीआयला गेलेल्या काकांचं एक वेगळंच आयुष्य आहे आणि ते आमच्या काकांच्या आयुष्याला समांतर, जलद मार्गावरून धावतं. ते काका दादरला राहतात. अमेरिकेला जाऊन आले आहेत. त्यांचे गुडघे शाबूत आहेत, कारण गुडघे पुण्यातल्या सायकलीने गेले. मुंबईला असते तर सायकलीशी संबंधच आला नसता. हे सगळं काकूंसमोर चालतं. काकू भाजी निवडता निवडता म्हणतात, "आणि पुण्याला आला नसता तर मीही सुटले असते." काका या मुद्द्याला उत्तर देत नाहीत.

जून उजाडला की काकांचा हंगाम सुरू होतो. सीईटीचे पर्सेंटाइल लागतात, दशांशचिन्हापुढे सात घरं. पोरांचे आईबाप पेढ्यांऐवजी प्रिंटआउट घेऊन दुसऱ्या मजल्यावर जातात. काकांपाशी दोनशे पानी वही आहे. डावीकडे लाल शाईत 6006, म्हणजे सीओईपी. उजवीकडे निळ्या शाईत 3012, म्हणजे व्हीजेटीआय. वर्षवार कट-ऑफ, पट्टीने आखलेले. महाराष्ट्रात इतर कॉलेजं आहेत, ऑप्शन फॉर्मवर तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, हे काकांना मान्य आहे. पण त्यांचं लक्ष पहिल्या दोनांवर. तिसऱ्यापासून पुढचं तुमचं तुम्ही बघा.

यंदा आमच्या मुलीची पाळी आली. तिला दोन्हीकडे इलेक्ट्रिकल मिळण्यासारखं होतं. काकांना हे कळलं तेव्हा ते सोफ्यावरून उठून उभेच राहिले.

तीन संध्याकाळी बैठक चालली. काकांचा सल्ला म्हणजे पेंडुलम. एका टोकाला गेला की परत यायला निघतो. "सीओईपी 2022 पासून स्वतःच विद्यापीठ आहे, पदवी त्यांची स्वतःची. व्हीजेटीआय स्वायत्त, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. आता मुंबई विद्यापीठ म्हणजे काय साधंसुधं नाही, 1857 चं. पण बघ, सीओईपी त्याच्याहूनही तीन वर्षांनी थोरलं!" पोरीने पेन उचललं. "पण वयावर जाऊ नये." पोरीने पेन ठेवलं. "हॉस्टेलला राहिलीस तर माणूस होशील. अर्थात घरचा डबा तो घरचा डबा. पण डब्यासाठी कोणी इंजिनिअर होतं का? पण लोकलची गर्दी? तशी उलट्या दिशेने..." उलट्या दिशेने कुठली? सकाळी अख्खी डोंबिवली त्याच दिशेने जाते. पण काकांना थांबवायचं कसं?

त्यांना खरी धास्ती होती ती एका नियमाची. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. "म्हणजे तू मागितलंस आणि त्यांनी दिलं, तर संपलंच की गं!" काका कळवळून म्हणाले. मागितलेलं मिळणं हे संकट आहे, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो.

शेवटच्या दिवशी त्यांनी माळ्यावरून एक जुनी सूटकेस काढायला लावली. स्टूल मी धरलं. आत व्हीजेटीआयचं 1984 चं पत्र होतं, लॅमिनेट केलेलं, घडीच्या खुणांसकट. त्याखाली पुणे विद्यापीठाची पदवी, तिला मात्र कसर लागून एक कोपरा गेलेला. आणि पदवीला चिकटलेला एक काळा-पांढरा फोटो. मुळेच्या काठावर आठ बारकी पोरं, हातात वल्ही, केस ओले. डावीकडून तिसरे काका. वर्षानुवर्षांच्या शेजारात त्यांनी बोट क्लबचा शब्दही काढला नव्हता.

"रेगाटाला असायचे हे," काकू म्हणाल्या. "पहाटे उठून नदीवर. आणि पुणं कशामुळे घेतलं, विचार की. वही उघडतात ना एवढी!"

"कशामुळे?" मुलीने विचारलं.

"पुण्यात आत्या होती," काका म्हणाले. "वडील म्हणाले, रविवारचं जेवण सुटेल."

मुलगी जरा वेळ फोटोकडे बघत बसली. मग फोनवर फॉर्म उघडून 3012 पहिलं टाकलं आणि सबमिट करून मोकळी झाली. जिन्याखालची मांजर व्यायला आली आहे, तिला टाकून पुण्याला जाणार नाही, हे कारण तिने मला घरी आल्यावर सांगितलं. काकांना सांगितलं नाही, हे बरं केलं.

काका मात्र गप्प झाले. आम्हाला वाटलं, आता पेढे मागवतील. चाळीस वर्षांनी का होईना, आपल्या जिन्यातलं कोणीतरी त्या फाटकातून आत जाणार. त्यांनी लॅमिनेट केलेलं पत्र सूटकेसमध्ये ठेवलं. फोटो हातातच राहिला. बनियनच्या टोकाने त्याच्यावरची धूळ पुसली, चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ नेला.

"नदी नाही गं तिथे," म्हणाले.