ते नंतरचं

आमचे मामा १९९६ साली दुबईला चार रात्री राहून आले आणि पुढची अठ्ठावीस वर्षं बीडच्या मोंढ्यात बसून त्यांनी ती दुबई राखली.

पाइपच्या कंपनीनं टार्गेट पुरं करणाऱ्या दुकानदारांना फुकट नेलं होतं. येताना मामांनी वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट आणलं. बीडच्या हवेत ते अंगावर घ्यायचे दिवस वर्षात चार. एरवी ते कपाटात, पाहुणे आले की दिवाणावर. मोंढ्यातलं कुणाचं पोरगं आखातात निघालं की आधी मामांच्या गादीवर येऊन बसायचं. "दिरहम दहाला पडतो. ट्रेड सेंटरपसून फुडं निस्ती वाळू." दिरहम बावीसच्या वर गेला, तरी मामांच्या गादीवर तो दहालाच राहिला.

२०२४ च्या जानेवारीत मी मामा-मामींना घेऊन गेलो. म्हणजे मामांनी मला नेलं. विमानतळाच्या दारातच ते म्हणाले, "मपल्या मागं ये, चुकशील." आणि चुकीच्या दारातून बाहेर पडले.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच. मामी मान दुखेपर्यंत बघत राहिली. मामा समोरच्या फरशीकडं बघत म्हणाले, "ते नंतरचं." मॉल, नंतरचा. पाण्यातलं खजुराच्या झाडासारखं बेट, नंतरचं. मेट्रोत मात्र ते गडबडले, कारण गाडीला ड्रायव्हरच नव्हता.

"हिचं काम कवा सुरू झालतं?"

"२००६ ला. २००९ ला गाडी धावली."

मामा गप्प. नगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी १९९५ ची, त्यांच्या दुबईहून वर्षभर जुनी, आणि बीडला गाडी अजून आलीच नव्हती. एक स्टेशन गेल्यावर म्हणाले, "आपली लाइन २६१ किलोमीटर हाय. ही बारकी असंल."

शेवटी त्यांनी आम्हाला ट्रेड सेंटरपाशी नेलं. एकोणचाळीस मजले, त्यांच्या वेळी दुबईत सगळ्यात उंच. आता आजूबाजूच्या टोलेजंग इमारतींत ते लग्नाच्या फोटोत पुढं बसवलेल्या आजोबांसारखं दिसत होतं. मामांनी खिशातून शंभर दिरहमची नोट काढली, उलटी केली आणि इमारतीसमोर धरली. "बघ, नोटंवर कोण हाय? तुपला बुर्ज हाय का?"

नव्हता.

त्यांचं जुनं हॉटेल काही सापडेना. मामांनी खास बीडच्या हिंदीत एका दुकानदाराला अडवलं, "भाईजान, यां एक हाटेल था ना? छियानवे में?" तो हसला. "चाचा, छियानवे में मैं पैदा नहीं हुआ था." टॅक्सीवाला तीन वर्षांपूर्वी आलेला, चहावाला गेल्या रमजानात. भेटेल तो नंतरचा. चार रात्रींच्या जोरावर मामाच त्या गावात सगळ्यात जुने ठरत होते.

खाडीवर मात्र अब्रा, म्हणजे पलीकडं नेणारी होडी, होती. माणशी एक दिरहम, लाकडी फळ्या, डिझेलचा वास. मामांनी मामीला हाताला धरून एका ठराविक जागी बसवलं.

"हितंच कामून?"

"तवा हितं कोल्हापूरचा डीलर बसला व्हता," मामा म्हणाले. पलीकडचा काठ येईस्तोवर पुढं काही बोलले नाहीत. मीही फोटो काढायचा राहिलो.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून नगरला रेल्वे सुरू झाली. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण मामांना ते सांगायला जाऊ नका, तेही नंतरचंच.) त्या दिवशी मामा गर्दीत चेंगरत स्टेशनवर हजर होते. आठवड्यानं त्यांच्याबरोबर मीही त्या गाडीनं निघालो. समोर एक कॉलेजचा पोरगा खिडकीशी ऐसपैस बसला होता. मामांनी त्याला दोन मिनिटं न्याहाळलं आणि सुरुवात केली, "मपल्या येळी हितं पाय ठिवायला जागा नव्हती."