रसिक मेला नाही, दमला आहे

मैफलीच्या मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन कुणीतरी हमखास म्हणतं, “हल्ली ऐकणारेच राहिले नाहीत हो. जुने दर्दी गेले.” गेल्या महिन्यात हे वाक्य पुन्हा कानावर आलं. बोलणारे गृहस्थ निवृत्त होते. दुपारची झोप काढून आले होते आणि सभागृहापासून पाच मिनिटांवर राहत होते. त्यांच्या मागच्या रांगेत पस्तिशीची एक बाई विलंबित ख्याल सुरू असतानाच मान टाकून झोपली होती. मांडीवर ऑफिसची बॅग, बॅगेतून डोकावणारा रिकामा डबा. गृहस्थांनी बोट दाखवलं नाही. नजरेनं दाखवलं.

त्या नजरेशी माझं भांडण आहे. ती बाई तिकीट काढून आली होती. दिवसभर राबून, घरी न जाता, गाण्यासाठी आली होती. यापेक्षा मोठी दर्दी कोण असते? तिला गाण्याची आवड नाही असं म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला भूक नाही म्हणण्यासारखं आहे. रसिकता एक, अंगातलं त्राण दुसरं. त्राण संपलं की रसिकताही मान टाकते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

विलंबित ख्याल ऐकणाऱ्याकडून काय मागतो ते पाहा. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटभरही लागू शकतं. तेवढा वेळ सम मनात धरून ठेवायची, गवई सुरावर रेंगाळला की आपणही थांबायचं आणि मुखडा आला की त्याच्याबरोबर उतरायचं. हे काम आहे. सुंदर काम, पण काम. कल्याणहून सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर. बदलापूर, कर्जत, कसारा त्याच्याही पुढे. तिथून रोज उभ्यानं ये-जा करणाऱ्या माणसाला साडेसहाला बैठकीत बसवायचं आणि पावणेसातला तो पेंगला म्हणून त्याच्या रसिकतेला नावं ठेवायची, हा न्याय नव्हे.

तीच माणसं दिवाळी पहाटेला पाच वाजता अंघोळ करून येतात. बसायला जागा मिळत नाही म्हणून उभी राहतात. रविवारी सकाळच्या मैफलीतही तोडी, आसावरी ऐकायला गर्दी असते. माणसं तीच, कानही तेच. फरक एवढाच की त्या दिवशी सुट्टी असते.

दुसरी गोष्ट. दमलेला माणूस घरी येऊन जुनं भावगीत लावतो, तेव्हा घरातलं एखादं शिकलेलं तोंड वाकडं होतं. तेच तेच काय ऐकता? याचं उत्तर सोपं आहे. ओळखीच्या गाण्यात पुढची ओळ आपल्या मनात आधीच तयार असते. तिथे कानाला शोधाशोध करावी लागत नाही, तो टेकतो. दिवसभर अनोळखी कामांशी झुंजलेल्या माणसाला संध्याकाळी ओळखीची चाल हवीशी वाटते, जसा ताटात वरणभात हवासा वाटतो. वरणभात खाणाऱ्याला कुणी अरसिक म्हणत नाही.

मनःस्थितीचंही तसंच आहे. यमन आणि मारवा दोन्ही संध्याकाळच्या आसपासचे. पण मारव्यात पंचम नाही, ऋषभ कोमल आणि मध्यम तीव्र. षड्जावर गवई लवकर येतच नाही. सूर घराच्या आसपास फिरत राहतो, उंबरठा ओलांडत नाही. उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा ऐकणाऱ्याला ही हुरहुर ठाऊक आहे. शांत मनानं ऐकला तर मारव्यासारखी खोल जागा नाही. पण जो स्वतःच अजून घरी पोचलेला नाही, गाडीच्या दारात लटकतो आहे, त्याच्या अंगावर हा राग येतो. त्याला यमन हवा, भरल्या षड्ज-पंचमाचा. त्याने मारवा बंद केला म्हणून अमीर खाँ लहान होत नाहीत, आणि तोही होत नाही. रागांना वेळ नेमून देणाऱ्या परंपरेनं घड्याळ पाहिलं. आपण ऐकणाऱ्याचा चेहरा पाहायला हवा.

आपल्या कष्टकऱ्यांनी तो फार आधी पाहिला होता. जात्यावरची ओवी घ्या. पहाटेच्या अंधारात बाई दळायला बसायची ती आदल्या दिवसाचा शीण अंगात घेऊनच. जात्याच्या फेऱ्याला धरून ओवी चालायची. मनातलं दुखणं, माहेर, लेकरू, विठ्ठल सगळं त्या घरघरीत सांगून व्हायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. एक लाख! एवढं गाणं दमलेल्या बायांच्या तोंडून आलं आहे. आणि दळण सरलं की ओवीही सरायची. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

वारीत तर दिवसाचीच मांडणी गाण्यानं होते. पहाटे काकडा, वाटेवर टाळ-मृदंगाच्या तालात पावलं टाकायला अभंग, संध्याकाळी हरिपाठ, रात्री मुक्कामावर कीर्तन. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालणाऱ्याला चालताना काय गावं आणि टेकल्यावर काय, हे तिथे कुणी शिकवत बसत नाही. चालणाऱ्या पायांनीच ते ठरवलं आहे.

मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळं याच वाटेवरची. डब्याच्या कोपऱ्यात टाळ निघतात, कुणी बाकावर ठेका धरतं आणि उभ्यानं जाणारी माणसं गातात. गाणाऱ्याचा शीण उतरतो, हे मी पाहिलं आहे. पण त्याच डब्यात रात्रपाळी करून आलेला एकजण खिडकीला डोकं टेकून असतो. त्याच्या कानात तोच टाळ घणासारखा पडतो. तेव्हा मंडळींनो, टाळ काढण्याआधी आजूबाजूला एकदा बघा. शेजाऱ्याची डुलकी मोडून विठ्ठल प्रसन्न होणार नाही.

खरी लूट मात्र वेगळीकडेच चालू आहे. दमलेल्या माणसाला गाण्याच्या आधी शांतता लागते, आणि शहरांनी नेमकी तीच काढून घेतली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. रात्री उशिरापर्यंत आणि पहाटेपर्यंत रंगणाऱ्या उघड्यावरच्या मैफली या नियमानं थांबल्या. दरबारी, मालकंस, ललित त्यांच्या वेळेला ऐकणं दुर्मीळ झालं. याचं दुःख मला आहे, तरीही मी नियमाच्या बाजूनं आहे. मालकंसासाठीसुद्धा कुणाची झोप मोडायचा हक्क नाही. मग तोच नियम मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे का वाकतो? गवयानं दहाला तंबोरा खाली ठेवायचा आणि छाती हादरवणाऱ्या स्पीकरांना मोकळं रान, हे कायद्याचं राज्य नव्हे.

बाहेर गोंगाट म्हणून माणूस कानात इअरफोन घालतो. गाडीचा खडखडाट दाबायला आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबल असेल तर फक्त चार तास. दहा डेसिबल वाढले की मुभा दहावा हिस्सा उरते. रोज तीन तास गाडीत असणाऱ्यानं ही बेरीज स्वतः करावी. विसावा म्हणून कानात घातलेली वस्तू कानालाच राबवते आहे.

आणि हे गाणं संपतही नाही. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासानं खटकन थांबायची. १९५७ साली सुरू झालेली विविध भारती रात्री ‘छायागीत’ ऐकवून थोड्या वेळानं निरोप घ्यायची. घर शांत व्हायचं, माणूस कुशीवर वळायचा. आता एक गाणं सरायच्या आत दुसरं आपोआप लागतं, मग तिसरं. ‘रिलॅक्स’ असं नाव दिलेली यादी रात्रभर वाजते, कारण तुम्ही ऐकत राहण्यातच विकणाऱ्याचा फायदा आहे. तुमच्या झोपेतून त्याला एक पैसाही मिळत नाही. दळण सरल्यावर थांबणारी ओवी आणि कधीच न थांबणारी ही यादी, यातलं विसावा देणारं गाणं कोणतं, हे वेगळं सांगायला नको.

विसावा कानाला काय देतो, याचा दाखला कुमार गंधर्वांचा आहे. वय पंचविशीच्या आत, नाव झालेलं, आणि १९४७-४८च्या सुमारास क्षयानं गाठलं. हवापालटासाठी देवासला आले. गाणं बंद. काही वर्षं अंथरुणावर. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली. दारावरून गात जाणाऱ्यांची, सणावारी गाणाऱ्या बायकांची. गळा थांबला होता, कान उघडला. बरे होऊन पुन्हा गायला बसले तेव्हा लोकधुनांमधून उगवलेले नवे राग, ते धुनउगम राग, सोबत होते. आपल्याला क्षय नको आणि काही वर्षांची सुट्टीही कुणी देणार नाही. पण थांबलेला माणूस जास्त ऐकतो, एवढं तरी त्यातून घेता येईल.

म्हणून तीन मागण्या. आयोजकांनो, कामाच्या दिवशी साडेसहाचा हट्ट सोडा. शनिवार-रविवारच्या सकाळी गाण्याला द्या. जाणकारांनो, मागच्या रांगेत कुणी पेंगलं तर नजर फिरवा, जमलं तर त्याच्या बॅगेला जागा द्या. आणि वाचकहो, आज घरी पोचल्यावर लगेच काही लावू नका. दहा मिनिटं काहीही न ऐकता बसा. कुकरची शिट्टी, जिन्यातली पावलं, पंख्याचा आवाज पुरे. मग एकच गाणं निवडा, तुमच्या आजच्या मनाला मानवेल असं. हलकं की भारी हे दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका. ते पूर्ण ऐका आणि यंत्र बंद करा.

आपल्या मैफलीची ही जुनीच रीत आहे. भैरवी झाली की माणसं उठतात, चपला शोधतात, घरी जाऊन झोपतात. भैरवीनंतर कुणी गात नाही.