कपाट ठरवेल तो विषय

मानसशास्त्राच्या एम.ए.ला संशोधनाचा विषय कोण ठरवतं, असं विचारलं तर अभ्यासक्रम म्हणेल विद्यार्थी, विद्यार्थी म्हणेल सर. प्रत्यक्षात तो ठरवतं प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट. त्यात समायोजनाची प्रश्नावली सापडली की त्या वर्षी अख्ख्या तालुक्यातली तरुण पिढी समायोजनाच्या समस्यांनी ग्रासली जाते. पुढच्या वर्षी भावनिक बुद्धिमत्तेची चाचणी खरेदी झाली की समायोजनाचं आपोआप मार्गी लागतं आणि भावनांचा दुष्काळ पडतो. मग शीर्षक जुळवायचं : ‘ग्रामीण व शहरी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अमुक घटकाचा तुलनात्मक अभ्यास’. अमुकच्या जागी पाकिटावरचं नाव भरलं की संशोधन निम्मं झालं. हाती लागलेल्या जोड्यात मावेल असा पाय शोधत गावभर फिरावं, तसा हा उद्योग आहे. ‘सर, चाचणी कुठे मिळेल?’ हा विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि बऱ्याचदा शेवटचाही. तक्रार आहे ती त्या प्रश्नाच्या क्रमाबद्दल.

त्या कपाटातली वस्तू जरा जवळून पाहू. पाकीट आग्र्याच्या प्रकाशकाचं, कारण आपल्या देशात मन मोजण्याचा माल प्रामुख्याने आग्र्याहूनच येतो. आत उत्तरपत्रिका उरलेली असते एक, तीही पेन्सिलीच्या खुणा खोडलेली. मॅन्युअल म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. पानाची कड कापली गेल्यामुळे एखादं विधान अर्ध्यावरच थांबतं, पण त्याचंही उत्तर सगळे पूर्ण देतात. गुण कसे द्यायचे ती किल्ली गेल्या बॅचच्या कुणीतरी नेलेली असते. विधानं हिंदीत असली तर रातोरात मराठीत येतात, गूगल फॉर्मवर चढतात आणि ‘प्लीज भरा, दोनच मिनिटं लागतील’ अशा विनवणीसह व्हॉट्सॲपवरून मावसभावापर्यंत पोहोचतात. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात यालाच ‘यादृच्छिक नमुना निवड’ म्हणतात.

या धावपळीत एक मामुली गोष्ट राहून जाते, ती म्हणजे मानकं. चाचणीचा जीव प्रश्नांत नसतो, मानकांत असतो. एखाद्याला अठ्ठावीस गुण पडले एवढं कळून काहीच कळत नाही. त्याच्यासारख्या माणसांना साधारण किती पडतात हे माहीत असेल तरच त्या अठ्ठाविसाला अर्थ. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या एमएमपीआय या गाजलेल्या चाचणीत ‘सामान्य माणूस’ म्हणून धरलेले लोक मुख्यतः मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात आजाऱ्याला भेटायला आलेले होते. त्या मापात उमरग्याचा शेतकरी किंवा वाशीचा कारकून बसेलच, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. शिवाय मानकं शिळीही होतात. अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात बुद्ध्यंकाची सरासरी सुमारे १४ गुणांनी चढल्याचं जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवलं. म्हणजे जुन्या मानकांवर मोजलेलं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं, आणि बुद्ध्यंक सत्तरच्या आसपास असेल तर एवढ्या फरकानं त्याचं प्रमाणपत्र आणि सवलती हुकू शकतात. आपल्याकडे मात्र चाचणी जितकी जुनी, तितकी ती ‘प्रस्थापित’ मानली जाते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : विद्यार्थ्याकडे ना पैसा ना वेळ, आणि चांगलं संशोधन परदेशी नियतकालिकांच्या कुलपाआड. आक्षेप खोटा नाही. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास नियतकालिकं. पण पहिल्या टप्प्यात लाभ सरकारी संस्थांना. खाजगी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यानं आपलं कुतूहल पुढच्या टप्प्यापर्यंत आवरून धरावं, असा त्याचा अर्थ होतो. मात्र जे फुकट आहे त्याचं आपण काय करतो, तेही पाहिलं पाहिजे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘शोधगंगा’ देशभरचे पीएचडीचे प्रबंध कुणालाही उघडून देते. आपला संशोधक तिथे जातो तो थेट परिशिष्टात, कारण प्रश्नावली तिथे जोडलेली असते. आधीची दोनशे पानं त्या परिशिष्टाला लावलेलं वेष्टन समजली जातात. साधनांचंही तेच. रोझेनबर्ग यांची १९६५ची आत्मसन्मान श्रेणी दहा विधानांची आहे आणि संशोधनासाठी खुली आहे. नैराश्याची पीएचक्यू-९ परवानगीशिवाय वापरता येते. लुईस गोल्डबर्ग यांनी उभ्या केलेल्या आयपीआयपी संग्रहात व्यक्तिमत्त्व मोजणारी तीन हजारांहून अधिक विधानं मोफत आहेत. दुसऱ्या एखाद्या संशोधकाची श्रेणी हवी असेल तर ईमेल लिहून परवानगी मागता येते. पण ईमेलमध्ये ‘कशासाठी हवी आहे’ ते लिहावं लागतं, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

दुसरा आक्षेप जाणत्यांचा : चाचण्या अशा मोकळ्या सोडल्या तर लोक उत्तरं पाठ करून येतील. बुद्धिमापन आणि निदानाच्या चाचण्यांबाबत हे शंभर टक्के खरं, त्या प्रशिक्षित हातांतच हव्यात. गंमत अशी की आपण नेमकं उलटं करून ठेवलं आहे. जे राखायचं ते झेरॉक्सच्या दुकानात किल्लीसकट मिळतं, आणि जे वाटायचं, म्हणजे मानकं, गोळा केलेली माहिती, फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी, ते काळ्या बांधणीत सोनेरी अक्षरांखाली कायमचं बंद होतं.

तिसरा आक्षेप असा की, मानकं तयार करणं मोठ्या संस्थांचं काम, पोरांचं नव्हे. पण व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांवर प्रमाणित केली तेव्हा गूगल फॉर्म नव्हता, संगणक नव्हता, आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. त्यांनी आधी प्रश्न विचारला : इथल्या मुलाची बुद्धी कशी मोजायची? साधन नव्हतं म्हणून ते घडवलं. आज साधनांचा सुकाळ आहे आणि प्रश्नाची टंचाई. एखाद्या विभागानं ठरवून एकच खुली श्रेणी घेतली, तिचा नीट तपासलेला मराठी अनुवाद वापरला आणि दर बॅचनं वेगवेगळ्या वयांच्या, वेगवेगळ्या तालुक्यांतल्या माणसांची माहिती त्यात भरली, तर काही वर्षांत मराठी माणसाची स्वतःची मानकं तयार होतील. ‘मग प्रत्येकाच्या संशोधनाचं नावीन्य काय?’ अशी शंका एखाद्या समितीत नक्की निघेल. तिला उत्तर एवढंच की, ग्रामीण-शहरी तुलनेत ते जेवढं असतं त्याहून यात कमी पडणार नाही. तोवर निदान एवढा नियम करावा : संशोधनाचा प्रश्न लिहून दिल्याशिवाय कपाटाची किल्ली कुणाला द्यायची नाही. कित्येक विभागांत मग कपाट उघडण्याची वेळच येणार नाही, आणि संशोधनाची आजची खरी स्थिती त्यानिमित्तानं पहिल्यांदाच अचूक मोजली जाईल.