ट्रॅक्टरला फोकस लावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरांच्या अंगात येतं. धारूर, वडवणी, केजच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघायच्या असतात. कंपनीचे दोनच हेडलाइट घेऊन कारखान्याच्या काट्यावर उभं राहणं म्हणजे वरातीत बिनफेट्याचा नवरदेव.

आधी दिव्यांची संख्या ठरवावी. गरज किती, हा प्रश्न गैरलागू. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरचे मोजावेत आणि त्यात दोन मिळवावेत. कारखान्याची उचल हातात आलेली असते, त्यामुळे आकडा घरी सांगायची गरज पडत नाही.

मग गणित. ते कुणी करत नाही, म्हणून सांगतो. बॅटरी १२ व्होल्टची. ५५ वॅटचा एक हॅलोजन साडेचार अँपिअरच्या वरच ओढतो; आठ लावले की झाले ३६-३७. बऱ्याच ट्रॅक्टरांचा अल्टरनेटरच ३६ अँपिअरचा. हेडलाइट आणि टेपच्या वाट्याला मग बॅटरीची पुंजी. टेप बंद करणं तर शक्य नाही, तेव्हा सकाळी ट्रॅक्टर ढकलायला टोळी लागते. १८ वॅटचा एलईडी दीड अँपिअरवर भागतो, पण त्याला हॅलोजनसारखी ऊब नाही, अशी जाणत्यांची तक्रार आहे.

हेडलाइटच्या वायरीला पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळणं ही परंपरा. ती मोडायचीच असेल तर बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर घ्यावी, बॅटरीलगतच फ्यूज टाकावा, पुढे रिले. रिलेच्या ३० नंबरवर बॅटरी, ८७ वर दिवे, ८५-८६ वर बटण आणि अर्थिंग. बटणाने नुसता हुकूम सोडायचा, भार रिलेने ओढायचा. मुकादमाला हे लगेच कळतं. मी पहिल्या खेपेला फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घातली होती. फ्यूज उडाला नाही. वायर जळाली. अर्थिंगला मडगार्डचा रंग लोखंड दिसेतो खरवडावा लागतो; नव्या गाडीवर हात धजत नाही, मग दिवा मिणमिणतो आणि शिव्या दुकानदाराला.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू नका म्हणतं. धारूरच्या घाटात समोरच्या एसटीने डिपर मारला, तर ती दाद समजून उरलेले दिवेही लावावेत. दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे मात्र काही नको. तिथला लाल रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी केव्हाच झाकलाय, आणि मागून येणाऱ्याला आपली ऐपत दाखवून काय मिळणार?

एक फोकस तेवढा कामाचा. मागच्या मडगार्डवरचा, रात्री ट्रॉली भरताना लागणारा. मी तो सरळ मारून ठेवला होता, सगळा फड दिसावा म्हणून. डोक्यावर मोळी घेतलेली एक मावशी फळीच्या मध्यावर आली आणि थबकली. हात मोळीला गुंतलेले, डोळे मिटलेले.

"आरं, तोंडावर काय मारतो? पायात मार की!"

दिवा खाली झुकवायला बारा-तेराचा पाना लागतो. तो ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये असतोच.