फाटक ते पोर्च

गाडी घेताना बँक पगाराच्या स्लिपा मागते, शोरूमवाला विमा गळ्यात मारतो, घरचे नारळ-लिंबू आणतात. पण ही गाडी फाटकापासून पोर्चपर्यंत जाणार कशी, हे कोणीच विचारत नाही. ते विचारायला जून यावा लागतो. वर्ध्याच्या ज्या ले-आऊटमध्ये आमचं घर आहे, तिथे पूर्वी पऱ्हाटी असायची. शेत गेलं, प्लॉट पडले. पण मातीला हे कोणी कळवलेलं दिसत नाही. मृग बरसला की ती जुन्या सवयीने फुगते आणि गाडीची चाकं बियाण्यासारखी पोटात घेते.

तेव्हा चाळीस फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा जागेत काँक्रीट टाकायचं घरात ठरलं. दुसऱ्या दिवसापासून तो प्रश्न गल्लीचा झाला.

मिस्त्रीने एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. "भाऊ, चार इंचात कार चालते. पन उद्या बोअरची गाडी आत घ्या लागली त काय करसान? पाच इंच टाकून घेऊ." पाच इंच म्हणजे १६७ घनफूट, ब्रासच्या भाषेत पावणेदोनला थोडं कमी. एकास दीडास तीन या मापाने ३८ पोती सिमेंट, ७० घनफूट रेती, १४० घनफूट गिट्टी. मी बेरीज केली तर सगळा माल अडीचशे घनफुटांच्या वर गेला. "अन् काँक्रीट एकशे सदुसष्टच?" मिस्त्री दयेने हसला. गिट्टीच्या फटींत रेती जाते, रेतीच्या फटींत सिमेंट; कोरडा दीडपट माल ओला झाला की एकपट होतो. बजेटचं मात्र उलटं असतं. ते कोरडं असताना एकपट दिसतं.

सिमेंटबद्दल तक्रारीला जागा नव्हती. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात कारखाने आहेत आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आमच्या मेहुण्यांनी ही बातमी अशा थाटात सांगितली, की हे दहा टक्के त्यांनीच माझ्यासाठी मंजूर करून आणले असावेत. त्या बचतीत व्हरांड्याला टाइल्स, कंपाउंडला रंग आणि फाटकावर दोन दिवे सहज बसतील, असं त्यांचं मत पडलं.

रेतीचं तसं नाही. वर्धा, वेणा, धाम अशा नद्या जिल्ह्यातून वाहतात, पण रेतीचा भाव विचारला की समोरचा माणूस आधी आजूबाजूला पाहतो. घाटाचा लिलाव झाला का, पावसाळ्यात उपसा बंद आहे का, ट्रॅक्टर दिवसा येणार की रात्री, यावर तो ठरतो. सोन्याचा भाव निदान पेपरात तरी येतो.

एवढ्यात शेजारचे काका आले. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. खात्याने त्यांना सोडलं, त्यांनी खात्याला सोडलेलं नाही. त्यांनी पत्रिका वाचली, वधू-वरांची नावं पाहिली आणि विचारलं, "हे सगळं ठेवणार कशावर?"

"जमिनीवर."

"कोणत्या जमिनीवर? बाप्पा, ही काळी माती हाये! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा पडते. तुमचं काँक्रीट वर, अन् ते खालून उठाबशा काढून राहिली. दीड फूट माती काढा, मुरूम भरा, थरावर थर दाबा, मंग सिमेंटचं नाव घ्या."

चारशे चौरस फूट गुणिले दीड फूट म्हणजे सहा ब्रासचा खड्डा. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून सहाहून जास्तच मुरूम. म्हणजे जे लोकांना दिसणार ते पावणेदोन ब्रास आणि जे जन्मात कोणाला दिसणार नाही ते सहा ब्रास. वर निघालेली काळी माती टाकायची कुठे, हा खर्च आणखी वेगळा. शेतकरी ज्या मातीसाठी जीव टाकतो, तीच माती न्यायला ट्रॅक्टरवाला माझ्याकडून पैसे मागत होता.

मग उतार निघाला. पोर्चपासून फाटकापर्यंत फुटाला पाव इंच उतार हवा. चाळीस फुटांना दहा इंच. पण गल्लीतला सिमेंट रस्ता दर खेपेला जुन्याच्या डोक्यावरच चढत आलाय. आमचा पोर्च आता त्याच्यापेक्षा जेमतेम सहा इंच उंच. काकांनी आणि मिस्त्रीने फुटाला अष्टमांश इंचावर तडजोड केली. दोन देशांची सरहद्दही इतक्या गंभीरपणे आखत नसतील.

मुहूर्ताचा प्रश्न त्याहून नाजूक. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. काँक्रीट बसायच्या आधीच त्यातलं पाणी उडतं. पावसाळ्यात खड्डाच तलाव होतो. दिवाळीनंतर हवा छान, पण तेव्हा कापूस वेचायला माणसं शेतात. "मजूर भेटले त थंडीत, नाही भेटले त तुमचं नशीब," इति मिस्त्री. शिवाय वर सात ते चौदा दिवस पाणी मारायचं. ज्या गल्लीत नळाच्या वेळेवरून नाती बिघडतात, तिथे मी रोज दोनदा अंगणाला अंघोळ घालणार होतो.

वर्ध्यात अंदाजपत्रक करणाऱ्याची आणखी एक अडचण आहे: आठ किलोमीटरवर सेवाग्राम. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. झोपडीचा खर्च पाचशे रुपयांवर जाऊ नये आणि सामान आसपासचंच असावं, ही त्यांची अट. माती, बांबू, कवेलू यांत ती बसली. आम्ही सगळे पाहुण्यांना ती कुटी अभिमानाने दाखवतो आणि परतताना टाइल्सच्या दुकानात थांबतो. पण पत्रिकेवरचा आकडा लाखाकडे सरकायला लागला, की ते पाचशे रुपये कोपऱ्यात येऊन बसतात. काही बोलत नाहीत, नुसते पाहतात.

सभा अशी अडली असताना बायको चहा घेऊन आली. तिने पत्रिका पाहिली आणि विचारलं, "अहो, गाडी दहा फूट रुंद आहे का?"

कोणी बोललं नाही.

"चाकं जिथून जातात तिथेच टाका ना. मधे काँक्रीट कोणासाठी? बोअरच्या गाडीसाठी?"

अडीच-अडीच फुटांच्या दोन पट्ट्या, मधे अडीच फूट मुरूम आणि वर चुरी. चारशे चौरस फुटांचे दोनशे झाले, ३८ पोत्यांची १९. मिस्त्री हिरमुसला. काका मात्र खुलले: "वरतं अर्धं करा, पन खोदकाम पुरं करा लागन हं! मातीला पट्ट्या समजत नाही." वाचलेल्या १९ पोत्यांत गच्चीवर काय काय होईल, याची यादी मेहुण्यांनी सुरू केली. ती पुरी व्हायच्या आत आम्ही काम उरकलं.

तेव्हा आपल्या काळ्या मातीत कोणी हे काम काढणार असेल, तर हिशेब खालून लिहावा. पहिला आकडा खणाई आणि मुरमाचा, दुसरा उताराचा, शेवटचा पाण्याचा. सिमेंट मधे कुठेतरी आपोआप बसतं. किती फूट टाकायचं हे ठरवायच्या आधी गाडीची चाकं मोजावीत. आणि चहा-साखरेचा रकाना वेगळा ठेवावा. सल्ला फुकट असला तरी सल्लागार बिनसाखरेचा चहा घेत नाहीत.