फाईल आपली आहे ना!

किल्लेदारांना घरच्या वाय-फायचा पासवर्ड विचारू नये. ते देतात, पण सुरुवात जर्मनीपासून करतात. डॉमिनिक राइशल नावाच्या माणसाने २००३ मध्ये कीपास काढलं, ते फुकट आहे, त्याचा सोर्स कोड कोणीही उघडून बघावा, घरादाराचे पासवर्ड एकाच कुलूपबंद फाईलमध्ये राहतात आणि ती फाईल कुठल्या कंपनीकडे नसते, आपल्याकडे असते. एवढं ऐकून होईपर्यंत पाहुण्याने मोबाईल डेटावर आपलं काम उरकलेलं असतं. किल्लेदार हे आडनाव नव्हे, हुद्दा आहे. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत, टेलिफोन खात्यात किंवा एखाद्या कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर, विभागात झालेली, आणि निवृत्तीनंतर घरातल्या यच्चयावत पासवर्डची जबाबदारी कोणी न सोपवता अंगावर घेतलेली. त्यांचं एक वाक्य सर्व प्रसंगांना पुरतं. ऐन तत्काळच्या वेळी आयआरसीटीसीने बाहेर फेकलं, तर "असू दे, फाईल आपली आहे ना!" सुनेची मालिका पासवर्ड मागून अडून बसली, फाईल आपली आहे ना. इन्व्हर्टर बसला, राउटर बसला, खुद्द किल्लेदार डोक्याला हात लावून बसले, तरी फाईल आपलीच आहे.

थट्टेआधी त्यांच्या बाजूचा पुरावा मांडायला हवा, कारण तो भक्कम आहे. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या नावाजलेल्या कंपनीने मार्च २०२१ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना सांगितलं, कॉम्प्युटर किंवा मोबाईल, दोन्हींपैकी एकच निवडा. डिसेंबर २०२२ मध्ये तिनेच कबूल केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरांनी नेल्या आहेत. आतले पासवर्ड कुलपात होते, पण कोणाचं खातं कुठल्या साइटवर आहे ते पत्ते उघडेच होते. तसल्याच वनपासवर्डने आठव्या आवृत्तीत तिजोरी स्वतःजवळ ठेवून ड्रॉपबॉक्समार्फत फिरवण्याची जुनी सोय काढून टाकली. ड्रॉपबॉक्सने २०१९ मध्ये फुकट खात्यावर तीनच उपकरणांची मर्यादा घातली. पाच माणसांच्या घरात तीन उपकरणं म्हणजे जवळजवळ निम्मं घर उंबऱ्याबाहेर. तेव्हा 'आज फुकट देणारा उद्या अटी घालेल' हा किल्लेदारांचा सिद्धान्त भ्रमातून आलेला नाही, अनुभवाने सिद्ध झालेला आहे. म्हणून त्यांनी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात पत्त्याच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय नावाचा कॉम्प्युटर बसवला आणि त्यावर नेक्स्टक्लाउड हा घरगुती क्लाउड चढवला. त्याचा हिरवा दिवा मिणमिणताना पाहून घरी आलेल्या गुरुजींनी एकदा तरी चौकशी केलेली असते. मग कळलं की बहुतेक घरगुती कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, त्यामुळे हा क्लाउड घराबाहेर पडला की दिसत नाही. म्हणून सिंकथिंग आलं, ज्यात मधला सर्व्हर फाईल साठवतच नाही, ती एका फोनवरून थेट दुसऱ्यावर जाते. त्याचं अधिकृत अँड्रॉइड अॅप २०२४ अखेर बंद झालं, तेव्हा किल्लेदारांनी घरातल्या सगळ्यांचे फोन जप्त करून दुसऱ्या कोणी चालवलेली आवृत्ती त्यांवर टाकली. फाईल आपली असते, पण ती वाहून नेणारे हमाल बदलत राहतात, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलेलं कोणी ऐकलेलं नाही.

खरी अडचण मात्र हमालांची नाही, फाईलच्या स्वभावाची आहे. ती आतून-बाहेरून कुलूपबंद असल्यामुळे सिंकथिंगला किंवा नेक्स्टक्लाउडला आत काय बदललं ते दिसत नाही, फाईल बदलली एवढंच दिसतं. किल्लेदार डेक्कन क्वीनमध्ये बसून खंडाळ्याच्या बोगद्यात, रेंज नसताना, फाईलमधला पीएफचा पासवर्ड बदलतात. त्याच वेळी घरी वहिनी, किल्लेदारांनी उघडून ठेवलेल्या फाईलमध्ये, महावितरणचा बदलतात. रेंज आली की दोन फाईली समोरासमोर येतात. सिंकथिंग एकीला गादीवर बसवतं आणि दुसरीच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' आणि तारीख-वेळ घालून तिला त्याच फोल्डरमध्ये बाजूला ठेवतं. बहुतेक वेळा बाजूला पडते ती वहिनींची. दुसऱ्या दिवशी त्यांना अॅपमध्ये जुनाच पासवर्ड दिसतो, तो चालत नाही, त्या नवीन करतात आणि या वेळी सावधपणे वेगळी नोंद घालतात. काही महिन्यांत त्या फाईलमध्ये 'महावितरण', 'महावितरण नवीन', 'महावितरण हाच खरा' आणि 'महावितरण हाच खरा (यांना विचारणे)' अशा चार नोंदी सुखाने नांदू लागतात. यावर किल्लेदारांचं उत्तर तयार आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे: कीपासला दोन फाईली एकत्र करता येतात. प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख असते, शेवटच्या बदलाची वेळ असते, जुन्या आवृत्त्याही जपल्या जातात, काही हरवत नाही. सगळं खरं. पण एकत्र करण्याचं ते बटण घरातल्या एकालाच माहीत आहे आणि तो ते रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर, आठवडाभराच्या चुकांचं जाहीर वाचन करत दाबतो. बाकीच्यांनी त्यातून सोपा धडा घेतला आहे. ते फाईलला हातच लावत नाहीत. नवा पासवर्ड कालनिर्णयाच्या पानावर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहितात. किल्लेदारांना यात घोर अज्ञान दिसतं. ब्रूस श्नायर हा सुरक्षेतला मोठा जाणकार मात्र २००५ मध्येच सांगून बसला आहे की चांगला पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. भिंतीवर टांगायला त्याने सांगितलं नव्हतं हे मान्य, पण कल वहिनींकडेच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुलपाला दोन भयं असतात. परका आत येईल हे एक, घरचा बाहेर अडकेल हे दुसरं. किल्लेदारांचं सगळं बांधकाम पहिल्या भयावर उभं आहे आणि सर्वसाधारण कुटुंबावर बेतते ती दुसऱ्यातून. मुख्य पासवर्ड म्हणून ते एखादं लांबलचक मराठी वाक्य निवडतात. उत्तम, लांबी हीच पासवर्डची ताकद. वहिनींना ते वाक्य तोंडपाठ आहे. पण टाइप करायचं असतं रोमन अक्षरांत, आणि तिथे 'ज्ञ'साठी डी-एन-वाय की जे-एन, 'आ'साठी एक ए की दोन, 'च' आणि 'छ' यांत एच किती, हे फक्त किल्लेदारांच्या बोटांना ठाऊक. कीपासचं कुलूप मुद्दाम सावकाश उघडतं, चोराला झपाझप लाखो प्रयत्न करता येऊ नयेत म्हणून. ते वहिनींनाही तसंच सावकाश नाही म्हणतं. 'पासवर्ड विसरलात?' ही ओळ तिथे नाहीच, कारण विचारायला पलीकडे कोणी नाही. फाईल आपली आहे ना! वर आणखी एक की-फाईल. कुठलीही फाईल किल्ली म्हणून चालते, म्हणून किल्लेदारांनी महाबळेश्वरच्या सहलीचा एक फोटो निवडला. मुलीने त्यातले अनोळखी लोक कापून तो व्यवस्थित केला, तर ती किल्ली मेली. आणि हे सगळे अडथळे पार करून बँकेचा पासवर्ड मिळालाच, तरी ओटीपी जातो किल्लेदारांच्या सिमवर, कारण सगळ्या खात्यांना नंबर त्यांचाच दिलेला.

यावर आक्षेप येईल की एकाच्या हाती असणं हीच तर सुरक्षा, दहा जणांना सांगितलं की गुपित कसलं? याचं उत्तर बँकेतून आलेल्या किल्लेदारांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. बँकेची तिजोरी जॉइंट कस्टडीत असते: दोन किल्ल्या, दोन अधिकारी, एकट्याला ती उघडत नाही. शिवाय डुप्लिकेट किल्ल्यांचा जोड सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो, म्हणजे मॅनेजर आजारी पडला म्हणून शाखेला टाळं लागत नाही. तीस-पस्तीस वर्षं ही शिस्त पाळलेला माणूस घरी दोन्ही किल्ल्या स्वतःच्या खिशात घेऊन झोपतो. ज्या कंपन्यांना ते उठता-बसता नावं ठेवतात त्यांनी तरी या प्रश्नाचा विचार केला आहे: खातं बरेच महिने निपचित राहिलं तर त्यातला डेटा कोणाच्या हाती द्यायचा हे सांगून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ मध्ये दिली, आणि माणूस गेल्यावर तो कोणाला द्यायचा हे सांगून ठेवण्याची ॲपलने २०२१ मध्ये. नोव्हेंबर २०२५ पासून आपल्याकडे बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. किल्लेदारांच्या फाईलला एकही नाही.

मग हा निव्वळ अहंकार आहे का? तसं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण फाईलमधल्या 'नोट्स'च्या रकान्याने पंचाईत केली आहे. पासवर्डच्या खाली तिथे मोकळी जागा असते आणि किल्लेदार ती कधी रिकामी सोडत नाहीत. गॅसच्या नोंदीखाली, 'सिलिंडर आणणाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना चढायला लावू नये.' लॉकरखाली, 'चावी आईच्या पैठणीच्या घडीत, घडी मोडल्यास परत घालावी.' मेडिक्लेमखाली हप्त्याची तारीख, एजंट फोन उचलत नाही तेव्हा कोणाला करावा, आणि 'हिला त्या वेळी घाई करू देऊ नये.' ही वाक्यं चोरांसाठी लिहिलेली नाहीत. स्वतःसाठी तर नाहीतच, त्यांना ती पाठ आहेत. आपण नसताना फाईल उघडली जाईल हे गृहीत धरून कोणीतरी रोज रात्री थोडं थोडं लिहितं आहे आणि तीच फाईल कोणाला उघडता येणार नाही याची पक्की व्यवस्थाही करतं आहे. हा विरोध तर्काने सुटत नाही. पुण्यातली मुलगी आणि न्यू जर्सीतला मुलगा आठवड्यात कधी फोन करतात आणि कशासाठी करतात, ते पाहिलं तर थोडा सुटतो. "बाबा, तो पासवर्ड काय होता हो?" या प्रश्नाने सुरू झालेला फोन गुडघेदुखीपर्यंत, आंब्याच्या पेटीपर्यंत जातो. डुप्लिकेट किल्ली वाटून टाकली, तर तो कशावरून सुरू होणार?

म्हणून किल्लेदारांना सुरक्षेची भाषा सांगून उपयोग नाही, शाखेची भाषा सांगावी. मुख्य वाक्य अक्षर-अक्षर सुटं करून, एकेक ए मोजून, कागदावर लिहायचं आणि ते पाकीट सील करून सांगलीच्या बहिणीकडे द्यायचं. महाबळेश्वरचा फोटो पेन ड्राइव्हवर घालून वहिनींकडे. एकटं पाकीट किंवा एकटा फोटो कोणाच्या कामाचा नाही, म्हणजे तत्त्वही शाबूत राहतं. ओटीपीचा नंबर एका तरी खात्याला वहिनींचा. यावर ते हमखास म्हणतील की पाकीट घराबाहेर गेलं की मुख्य पासवर्ड बदलावाच लागेल. जरूर बदलावा. बँकेतही डुप्लिकेट किल्ल्या ठरावीक काळाने बदलून घेतात, त्याची नोंद होते, सह्या होतात. दरवर्षी दिवाळीनंतर जुनं पाकीट परत घेऊन नवं द्यायला किल्लेदारांना स्वतः सांगलीला जावं लागेल, कारण असली वस्तू कुरिअरने पाठवत नाहीत. बहीण सील तपासायला चष्मा शोधेल, रजिस्टर म्हणून जुनी वही काढेल आणि "दादा, सही कुठे करू?" असं विचारेल. तपासणी अधिकाऱ्याला मुक्काम करावाच लागतो.