ट्राउटसाहेबांची भेट कशी घ्यावी?

कोकणात ज्याला गरवणं म्हणतात, ते सोपं काम आहे. खाडीकाठच्या दगडावर बसावं, गरीला कोलंबीचा तुकडा टोचावा, दोरी पाण्यात सोडावी आणि खेकड्यांनी आमिष फस्त केलं की ओहोटीला दोष देऊन घरी यावं. हिमालयातल्या घळईत ट्राउट पकडायला निघालेल्यांनी हा अनुभव घरीच ठेवावा. ट्राउट हा माशांतला साहेब. साहेबाला कोणी पकडत नाही, त्याची भेट मागावी लागते. सरकारी कचेऱ्यांत ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली आहेत, त्यांना पुढील सूचना जड जाऊ नयेत.

१. पूर्वेतिहास पाठ असावा

साहेबाकडे जाताना त्याचं मूळ गाव माहीत असलेलं बरं. आपल्याकडचा ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा. त्याची अंडी बोटीने विलायतेहून निघून काश्मीरला पोहोचली, ती १९०० च्या सुमारास. आधीची एक खेप वाटेतच वाया गेली होती. पुढे १९०९ साली हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने काश्मीरहून तो कुल्लू खोऱ्यात आणला आणि बियास नदीत साहेबांची कायम नेमणूक झाली. रेनबो ट्राउट हे दुसरे साहेब, मूळचे पॅसिफिक किनाऱ्याकडचे. सत्तेचाळीस साली बाकीचे साहेब सामान बांधून गेले. पाण्यातल्या साहेबांना कोणी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही.

या पाण्यातला मूळ रहिवासी वेगळाच. त्याला ‘स्नो ट्राउट’ म्हणतात, पण कुळ रोहू-कटल्याचं. शेजारी साहेब राहायला आले की नावाच्या पाटीत बदल करणारी माणसं आपल्याही आळीत असतात.

२. कचेरीचा पत्ता

साहेबांना थंड, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर तापलं की त्यांचा जीव कासावीस होतो. म्हणून मुळा-मुठेकाठी त्यांची चौकशी करू नये; न करण्याची इतरही कारणं आहेत. हिमाचलात तीर्थन नदीवर जावं. मंडीहून औटपर्यंत यावं. मनालीकडे निघालेली गर्दी तिथे बोगद्यात शिरते, आपण शिरायचं नाही. नदी धरून लारजी, बंजार करत गुशैणी गाठायची. लारजीजवळ तीर्थन आणि सैंज एकत्र येऊन बियासला मिळतात. तिथले कडे इतके जवळजवळ आहेत, की ड्रायव्हरने वाजवलेला हॉर्न समोरून कोणी उत्तर दिल्यासारखा परत येतो.

गुशैणीच्या वर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, २०१४ पासून जागतिक वारसा. त्या हद्दीत गळ न्यायचा नाही. त्याखालच्या नदीवरही वीजप्रकल्प यायचे होते. खोऱ्यातल्या लोकांनी हट्टाने विरोध केला, म्हणून आज ती मोकळी वाहते. तिथला उपरा साहेब या गावकऱ्यांच्या जिवावर टिकून आहे, ही गोष्ट त्याला कोणी सांगू नये.

लारजीच्या खाली बियासमध्ये मात्र उतरू नका. धरणातून सोडलेलं पाणी बघता बघता चढतं आणि माणसं वाहून जातात. या कलमात विनोद नाही.

३. परवाना

परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद. तो विणीचा काळ. मादी शेपटीने गोट्यांत खळगा करून त्यात अंडी घालते. दिवसाला किती मासे ठेवता येतील, यालाही मर्यादा आहे. पहिल्या दिवशी तो आकडा वाचून मी जबाबदार नागरिकासारखी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचला, तेव्हा कोणीतरी माझी थट्टा करतंय असं वाटलं.

४. नजराणा

रिकाम्या हाताने जाऊ नये. साहेब कोलंबीला बधत नाहीत असं नव्हे, पण रीतीप्रमाणे द्यायची ती ‘फ्लाय’, म्हणजे गरीला कोंबड्याच्या मानेचं पीस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. पाण्यावर आयुष्याचा शेवटचा दिवस काढणाऱ्या मेफ्लायसारखी ती दिसावी, अशी अपेक्षा असते. माझी डबी उघडून पाहिल्यावर बायको म्हणाली, “एवढ्या पैशात पिसांबरोबर कोंबडीही आली असती.”

या माशीला वजन जवळपास नसतं. आपण फेकतो ती जाड दोरी. माशी तिच्यामागून निमूट जाते. मेव्हणा आमच्याबरोबर आला तो याच तत्त्वावर.

५. साहेबांची बैठक

साहेब प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशाला, संथ पाण्यात बसतात. शेजारून वेगवान धार जात असते आणि तिच्यातून खाणं आपोआप वाहत येतं. पसंत पडलं तर साहेब वीतभर सरकतात, उचलतात आणि जागेवर परत. हातभर लांबून काही चाललं असेल तर उठत नाहीत. हा आळस समजू नये. घास मिळवताना खर्च झालेली ताकद घासातून मिळणाऱ्या ताकदीपेक्षा जास्त भरली, तर मासा खंगतो. साहेब हिशेबी आहेत.

६. कमरेत वाकणे

सगळ्या शास्त्राचा गाभा हा. पाण्याखालून वर पाहिलं की प्रकाशाच्या वळण्यामुळे बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. ताठ उभा माणूस त्या खिडकीत नीट उमटतो. अगदी खाली वाकलेला कडेला दबून जातो. म्हणून साहेबांकडे नेहमी मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाने, वाकून जावं. सावली पुढे पडू देऊ नये. आपलं बोलणं पाण्यात फारसं उतरत नाही, ही मराठी माणसाला दिलासा देणारी बाब. पाय आपटलेला मात्र माशाच्या कुशीवरच्या रेषेला तात्काळ कळतो.

मी पहिले दोन दिवस वरच्या अंगाने, छाती काढून, पाण्यात धबाधबा पाय टाकत गेलो. काठावर मेंढ्या राखणारा एक मुलगा हे बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. “अंकल जी, नीचे से आओ. और झुक के.” एवढं बोलून तो मेंढ्यांकडे गेला. दोन पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं, ते सहा शब्दांत आटपलं.

७. फेकणे

काठी कानाच्या किंचित मागे न्यायची, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायची. थांबायचं, हा शब्द अधोरेखित करावा. न थांबल्यामुळे मी पकडलेल्या गोष्टी अशा: अक्रोडाची फांदी, माझीच टोपी आणि मेव्हण्याच्या स्वेटरची बाही. यांपैकी फांदीने सर्वांत चांगली झुंज दिली.

माशी पाण्यावर पडली की तिने पाण्याच्याच वेगाने वाहिलं पाहिजे. दोरी वेगवान धारेत सापडली तर ती माशीला ओढते, मागे बारीक रेघ उठते आणि साहेबांना कागदपत्रं बनावट असल्याचं कळतं. अशा वेळी दोरी हळूच उचलून वरच्या अंगाला टाकावी.

८. खाण्याविषयी

ट्राउट खायचाच असेल, तर नदीला त्रास देण्याचं कारण नाही. खोऱ्यात मत्स्यशेती आहे. पतलीकूहलच्या सरकारी केंद्रात नॉर्वेच्या मदतीने प्रकल्प झाला आणि पुढे रेनबो साहेब तलावात वाढून किलोवर मिळू लागले. आम्हीही तेच केलं. गेस्ट हाउसच्या चुलीवर, घरून नेलेली आमसुलं घालून. मेव्हणा म्हणाला, “बांगड्याची सर नाही.” पण तुकडे मोजून चार खाल्ले.

९. प्रत्यक्ष भेट

तिसऱ्या दिवशी, उन्हं उतरताना, एका काळ्या दगडाखाली मी गुडघ्यांवर रांगत गेलो. कंबर मोडली होती, बुटात पाणी होतं आणि माशी कशीबशी दगडाच्या टोकाशी पडली. पाण्यावर ओठ उघडल्याएवढा आवाज झाला. दोरी ताठ झाली.

हातात आला तो जेमतेम वीतभर. पाठ ओल्या पाचोळ्याच्या रंगाची, पोट पिवळसर, कुशीवर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, कोणीतरी कुंकू लावून मग पुसट बोट फिरवावं तसं. त्याचं गार अंग माझ्या मुठीत धडधडत होतं. एवढ्याशा जिवासाठी मी तीन दिवस वाकत होतो. फोटो काढायला मेव्हणा जवळ नव्हता, हे बरंच झालं.

आता शेवटची सूचना, आणि हीच एक मनापासून. मासा सोडणार असाल तर त्याला हात लावण्याआधी हात नदीत ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तेच त्याचं रोगापासूनचं चिलखत. गरीचा काटा आधीच चेपून ठेवा, म्हणजे ती पटकन सुटते. मग माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात अलगद धरा. तो स्वतःहून जाईल तेव्हाच बोटं उघडा.